पराभूत उपाध्यक्षपद-उमेदवाराचे राजकीय भवितव्य

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत दोघे जोडीने उभे राहतात. जोडी हरली की त्यातला दुसरा, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, पुढे राजकारणात कुठे जातो, त्याची ही नोंद. अध्यक्षपदाच्या हरलेल्या उमेदवारावर भरपूर लिहिले जाते. दुसऱ्याचे मात्र लग्न आटोपल्यावर करवलीचे होते तसे होते : मांडवात सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे, आणि परतीच्या गाडीत जागा तिची तिनेच शोधायची.

१९२० ते २०२४ या काळात २७ अध्यक्षीय निवडणुका झाल्या. त्यांत मोठ्या पक्षाच्या तिकिटावर उपाध्यक्षपदासाठी हरलेल्यांपैकी एकटे फ्रँकलिन रूझवेल्ट पुढे अध्यक्ष झाले. वॉल्टर मॉन्डेल आणि बॉब डोल यांना पक्षाने नंतर अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, पण दोघेही हरले. बाकीचे सिनेटमध्ये परतले, मंत्री, राजदूत वा न्यायाधीश झाले, नाहीतर घरी बसले. त्याआधीच्या काळातले ठळक नाव जॉन टायलर यांचे. १८३६ मध्ये ते उपाध्यक्षपदासाठी हरले, १८४० मध्ये जिंकले आणि पदग्रहणानंतर महिनाभरातच अध्यक्ष हॅरिसन वारल्याने १८४१ साली त्यांच्या खुर्चीत बसले.

जोडीची रीत

मूळ अमेरिकी संविधानात उपाध्यक्षपदासाठी वेगळे मतदान नव्हते. अध्यक्षपदाच्या शर्यतीत दुसरा येणारा उपाध्यक्ष होई. १८०० मध्ये एकाच पक्षाचे जेफर्सन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि मोठा पेच उभा राहिला. त्यावर १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांसाठी निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी) वेगवेगळे मत देऊ लागले. ‘उपाध्यक्षपदासाठी हरलेला उमेदवार’ हा प्राणी खरा तेव्हापासूनचा. सामान्य मतदाराला मात्र आजही जोडी फोडता येत नाही. वरचा आवडला तर खालचाही घ्यावा लागतो.

हा जोडीदार पूर्वी पक्षाच्या अधिवेशनात पुढारी मंडळी ठरवत. आता अध्यक्षपदाचा उमेदवार स्वतः निवडतो. निवडताना तो आपल्यात काय उणे आहे ते पाहतो. आपण उत्तरेचे असलो तर दक्षिणेचा, वय झाले असेल तर तरुण, पक्षाचा एखादा गट नाराज असेल तर त्या गटाचा माणूस घेतो. उणे भरून काढायला आणलेल्या माणसाचा स्वतःचा गोतावळा देशभर असेलच असे नाही. पुढे स्वतःच्या नावावर उभे राहायची वेळ आली की हीच गोष्ट आडवी येते.

रूझवेल्ट, १९२०

डेमोक्रॅटिक पक्षाने सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात ओहायोचे राज्यपाल जेम्स कॉक्स यांच्यासोबत रूझवेल्ट यांना उभे केले, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. नौदल खात्यात सहायक सचिव, न्यूयॉर्कचे, आणि आडनाव थिओडोर रूझवेल्ट यांचे. थिओडोर हे रिपब्लिकन पक्षाचे माजी अध्यक्ष, दीड वर्षापूर्वीच वारलेले. पक्षाला ते आडनाव हवे होते.

रूझवेल्ट रेल्वेने देश पालथा घालत फिरले. पत्नी एलेनॉर यांना राजकारणाची पहिली खरी शिकवणी याच गाडीत मिळाली, आणि ती दिली सल्लागार लुई हाऊ यांनी. तोंड सुटल्याचा प्रसंगही घडला. हैतीची राज्यघटना आपणच लिहिली, असे ते मोंटानातल्या ब्यूट गावी बोलून गेले आणि विरोधी उमेदवार हार्डिंग यांनी ते लगेच उचलले. निकाल दारुण लागला : हार्डिंग यांना ४०४ निर्वाचक मते, कॉक्स यांना १२७.

पण कोणी रूझवेल्ट यांना बोल लावला नाही. लोक डेमोक्रॅटिक अध्यक्ष विल्सन यांच्या कारभाराला आणि पहिल्या महायुद्धाला कंटाळले होते, त्या लाटेत कोणीही वाहून गेला असता. प्रचारात साथ देणाऱ्या मोजक्या माणसांना रूझवेल्ट यांनी सोन्याची कफलिंक्स भेट दिली. एकीवर स्वतःची आद्याक्षरे, दुसरीवर घेणाऱ्याची. ही मंडळी पुढे दरवर्षी ३० जानेवारीला, त्यांच्या वाढदिवशी, जेवायला जमू लागली. त्यांतले स्टीव्ह अर्ली आणि मार्विन मॅकिंटायर १९३३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये त्यांचे सचिव झाले. पराभवातून त्यांच्या हाती लागलेली खरी कमाई म्हणजे ही माणसे आणि राज्याराज्यांतल्या कार्यकर्त्यांशी जुळलेला पत्रव्यवहार.

निवडणुकीनंतर ते उपाध्यक्ष झाले खरे, पण एका हमी-विमा कंपनीचे. ऑगस्ट १९२१ मध्ये पोलिओने पाय गेले. १९२४ मध्ये कुबड्यांवर मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या व्यासपीठापर्यंत जाऊन त्यांनी अध्यक्षपदासाठी अल स्मिथ यांचे नाव सुचवले. १९२८ मध्ये स्मिथ स्वतःचे न्यूयॉर्क राज्य हरले, आणि त्याच दिवशी त्याच राज्यात रूझवेल्ट जेमतेम पंचवीस हजारांच्या मताधिक्याने राज्यपाल झाले. तिथून १९३२ मध्ये अध्यक्षपद. १९२० च्या दशकात डेमोक्रॅटिक पक्षाला अध्यक्षपदाची आशा फारशी नव्हतीच. आजाराने त्यांना त्या हरत्या लढायांपासून दूर ठेवले, हे त्यांच्या पथ्यावर पडले असे म्हणायला जागा आहे.

दुसऱ्या दिवशी हातात काय

निकालाच्या दुसऱ्या सकाळी ज्याच्याकडे जायला कचेरी असते तो टिकतो. काही राज्यांत एकाच दिवशी दोन जागा लढवता येतात. लिंडन जॉन्सन यांच्या सोयीसाठी टेक्सासने १९६० च्या निवडणुकीआधी तसा कायदा करून घेतला. त्याचा फायदा १९८८ मध्ये लॉइड बेंटसन यांना झाला. उपाध्यक्षपदाच्या वादविवादात प्रतिस्पर्धी डॅन क्वेल यांनी स्वतःची जॉन ऊर्फ जॅक केनेडींशी तुलना करताच, तुम्ही जॅक केनेडी नव्हेत, असे बेंटसन यांनी सुनावले. ते वाक्य निवडणुकीपेक्षा जास्त टिकले. डुकाकिस–बेंटसन जोडी टेक्सास हरली, बेंटसन मात्र तिथूनच सिनेटवर निवडून आले, आणि १९९३ मध्ये क्लिंटन यांचे अर्थमंत्री झाले. जो लिबरमन (२०००) आणि पॉल रायन (२०१२) यांनीही अशाच दोन दगडांवर पाय ठेवले. लिबरमन यांच्यावर स्वपक्षातूनच टीका झाली, कारण जोडी जिंकली असती तर कनेक्टिकटच्या रिपब्लिकन राज्यपालाने सिनेटची मोकळी जागा आपल्या माणसाला दिली असती. रायन प्रतिनिधिगृहात परतले आणि २०१५ मध्ये सभापती झाले. टिम केन (२०१६) यांची सिनेटची मुदत शिल्लक होती. ते परत गेले आणि २०१८ व २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

याउलट विल्यम मिलर. १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्यासोबत उभे राहताना त्यांनी प्रतिनिधिगृहाची जागा सोडली. गाढवही गेले आणि ब्रह्मचर्यही गेले. दहा-एक वर्षांनी ते अमेरिकन एक्सप्रेसच्या टीव्ही जाहिरातीत दिसले. त्या जाहिरातमालेत नावाने प्रसिद्ध पण चेहऱ्याने अनोळखी माणसे ‘मला ओळखलंत का?’ असे विचारत. मिलर यांनी स्वतःच्या विस्मरणाचे पैसे केले, आणि विनोदबुद्धी शाबूत असल्याचेही दाखवले. जॉन एडवर्ड्स यांनीही २००४ मध्ये सिनेटची जागा पुन्हा लढवली नाही.

खापर

पराभव वरच्याचा, पण खापर फोडायला खालचे डोके सोयीचे पडते. १९६० मध्ये हेन्री कॅबट लॉज (धाकटे) यांनी हार्लेममध्ये कृष्णवर्णीय मंत्री घेण्याचे आश्वासन देऊन टाकले आणि निक्सन यांना सारवासारव करावी लागली. निवडणूक थोडक्यात गेल्यावर पक्षात लॉज यांच्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ होते. बॉब डोल यांनी १९७६ च्या वादविवादात शतकातली युद्धे ‘डेमोक्रॅट युद्धे’ ठरवली. दूरचित्रवाणीवरचा तो उपाध्यक्षपद-उमेदवारांचा पहिलाच वादविवाद. कडवट माणूस हा शिक्का त्यांना मग वर्षानुवर्षे पुसता आला नाही. १९८० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत त्यांना एक टक्काही मते पडली नाहीत. त्यांनी सिनेटमध्ये चिकाटीने काम केले, १९८५ मध्ये बहुमताचे नेते झाले आणि १९९६ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवली. ती निवडणूकही गेली.

सेरा पेलिन यांची गोष्ट वेगळी. २००८ च्या निकालाच्या रात्री फीनिक्समध्ये मॅकेन पराभव मान्य करायला उभे राहिले, तेव्हा पेलिन यांचेही भाषण लिहून तयार होते. मॅकेन यांच्या सल्लागारांनी ते करू दिले नाही. त्या व्यासपीठावर शेजारी उभ्या राहिल्या, बोलल्या नाहीत. पक्षातल्या अनेकांच्या लेखी त्या ओझे ठरल्या, तर सामान्य कार्यकर्त्यांच्या त्या लाडक्या. त्यांनी दुसरा गट धरला. जुलै २००९ मध्ये मुदत संपण्याआधीच अलास्काचे राज्यपालपद सोडले आणि टीव्ही, पुस्तके, सभा यांत रमल्या. प्रसिद्धी मिळाली, कचेरी गेली. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या अलास्काच्या एकुलत्या एका जागेसाठी उभ्या राहून त्या मेरी पेल्टोला यांच्याकडून त्याच वर्षी दोनदा हरल्या.

जेराल्डिन फेरारो (१९८४) या मोठ्या पक्षाच्या पहिल्या महिला उमेदवार. त्यांना नवऱ्याच्या पैशाअडक्याच्या चौकशीने प्रचारातच घेरले. १९९२ आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्कमधून सिनेटसाठी त्यांनी पक्षांतर्गत उमेदवारी मागितली, ती दोन्ही वेळा हुकली. मधल्या काळात त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या.

दुसरा प्रयत्न

पुढच्या वेळी अध्यक्षपदासाठी यांचेच नाव, असे निकालानंतर वर्तमानपत्रे छापतात. ते बहुधा खोटे ठरते. एडमंड मस्की यांनी १९६८ च्या पराभवात इतकी चांगली छाप पाडली की १९७२ चे पहिले दावेदार तेच होते. फेब्रुवारीत मँचेस्टर गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर, पडत्या बर्फात, ट्रकवर उभे राहून ते पत्नीवरच्या टीकेला उत्तर देत होते. त्यांचा आवाज दाटून आला. वार्ताहरांनी अश्रू पाहिले. मस्की यांच्या मते ते गालावर वितळलेले बर्फ होते. न्यू हॅम्पशायर ते जिंकले, पण अपेक्षेहून कमी फरकाने, आणि मग घसरतच गेले. सार्जंट श्रायव्हर १९७६ मध्ये, लिबरमन २००४ मध्ये, एडवर्ड्स २००८ मध्ये असेच प्राथमिक फेऱ्यांत गळाले. पदावर असताना हरलेल्या उपाध्यक्षांतही क्वेल १९९९ मध्ये आणि माइक पेन्स ऑक्टोबर २०२३ मध्ये मतदान सुरू होण्याआधीच बाहेर पडले. पेन्स यांची अडचण आगळी : ६ जानेवारी २०२१ रोजी स्वतःच्या पराभवाची मतमोजणी त्यांनी नियमाप्रमाणे पार पाडली, आणि पक्षातल्या मोठ्या वर्गाने ती कधी माफ केली नाही.

मॉन्डेल यांना १९८४ मध्ये उमेदवारी मिळाली आणि पन्नासपैकी ४९ राज्ये गेली.

निवडणुकीबाहेरची वाट

निवडणुकीने नव्हे तर नेमणुकीने मोठे झालेले बरेच निघतात. अर्ल वॉरन १९४८ मध्ये ड्यूई यांच्यासोबत हरले, कॅलिफोर्नियाचे राज्यपाल म्हणून परतले, आणि १९५३ मध्ये सरन्यायाधीश झाले. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा निकाल त्यांच्या न्यायालयाचा. ते १९४८ मध्ये जिंकले असते तर सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसून राहिले असते. फ्रँक नॉक्स १९३६ मध्ये रूझवेल्ट यांच्या विरोधात हरले आणि १९४० मध्ये रूझवेल्ट यांनीच त्यांना नौदलमंत्री केले. लॉज यांची कथा आणखी गुंतागुंतीची. १९५२ मध्ये सिनेटची जागा त्यांनी केनेडींकडे हरली, १९६० मध्ये दुसऱ्यांदा त्यांच्याकडून हरले, आणि १९६३ मध्ये त्याच केनेडींनी त्यांना सायगावला राजदूत म्हणून धाडले. तिथे असतानाच १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने त्यांचे नाव लिहून त्यांना प्राथमिक निवडणूक जिंकून दिली. मस्की १९८० मध्ये काही महिने परराष्ट्रमंत्री होते.

आणि एक बाजूची गोष्ट. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार स्टीव्हन्सन यांनी जोडीदार निवडणे अधिवेशनावर सोडले. तिथे केनेडी थोडक्यात हरले आणि केफॉव्हर यांची निवड झाली. आयझेनहॉवर यांच्यासमोर ती जोडी आपटली. केनेडी तिच्यात असते तर खापर त्यांच्या कॅथलिक धर्मावर फुटले असते आणि १९६० चा दरवाजा कदाचित उघडला नसता.

भारतातील उपराष्ट्रपतिपदाशी तुलना

भारतात उपराष्ट्रपती जोडीने निवडला जात नाही. दोन्ही सभागृहांचे खासदार गुप्त मतदानाने त्याला निवडतात आणि संख्याबळ आधीच ठाऊक असते. विरोधी पक्षाचा उमेदवार बहुधा हरणार हे जाणूनच अर्ज भरतो, त्यामुळे पराभवाचा डाग लागत नाही. याचे सर्वांत चोख उदाहरण महाराष्ट्राचे. १२ ऑगस्ट २००२ रोजी सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे भैरोसिंह शेखावत यांच्याकडून ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरले. पाच महिन्यांत, जानेवारी २००३ मध्ये, ते विलासराव देशमुख यांच्या जागी मुख्यमंत्री झाले. पुढे आंध्र प्रदेशचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री आणि २०१२ मध्ये गृहमंत्री. अमेरिकेत एवढी झटपट सावरासावर सहसा पाहायला मिळत नाही.

१९९७ चे पराभूत उमेदवार सुरजितसिंग बर्नाला वर्षभरात केंद्रीय मंत्री झाले. महाराष्ट्रातून अनेक वर्षे राज्यसभेवर राहिलेल्या नजमा हेपतुल्ला २००७ मध्ये हरल्या आणि २०१४ मध्ये मंत्री झाल्या. जसवंतसिंग यांना २०१२ च्या उमेदवारीचा काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांत पक्षाने बाडमेरचे तिकीट नाकारले आणि अपक्ष उभे राहिल्यावर काढूनही टाकले. १९८४ मध्ये वेंकटरामन यांच्याविरुद्ध उभे राहिलेले बी. सी. कांबळे हे रिपब्लिकन पक्षाचे महाराष्ट्रातले नेते, हेही आज फारसे कोणाला आठवत नाही. १९९२ मध्ये के. आर. नारायणन यांना ७०० मते पडली आणि काका जोगिंदरसिंग ‘धरती-पकड’ यांना एक. काकांचा धंदाच निवडणूक लढवून हरण्याचा होता. ते पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले.