ओटीपोटाचं दुखणं आणि टार्लोव्ह गाठ

1989 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी 650 बायकांना तपासलं होतं. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी व उपचार मिळालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. रोवणीत, निंदणात दिवसभर वाकून ‘बाईला हे असायचंच’ म्हणत अंगावर काढलेलं दुखणं त्यामुळे जगापुढे आलं.

पण उपचार झाले, सोनोग्राफी साफ निघाली, कुणाची तर पिशवीही काढली, तरी ओटीपोट दुखतच राहिलं, असंही होतं. अशा थोड्या जणींचं मूळ पाठीच्या कण्यात असू शकतं.

1938 मध्ये मॉन्ट्रियलला शवविच्छेदन करताना इसाडोर टार्लोव्ह या मेंदूशल्यविशारदाला माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत, मज्जातंतूंच्या मुळांवर पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या. याच टार्लोव्ह गाठी. त्या निरुपद्रवी असाव्यात, असं तेव्हा वाटलं. दहा वर्षांनी, 1948 मध्ये, त्यांनीच गाठ काढल्यावर पायात उतरणारी कळ थांबल्याचं लिहिलं. ओटीपोटाशी नातं असं की त्रिकास्थीतल्या दुसऱ्या ते चौथ्या मुळांतूनच मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रियाकडे तंतू जातात. अशा गाठीमुळे बसलं की दुखतं, आडवं झालं की उतरतं. लघवीचा त्रास होतो, संबंधाच्या वेळी कळ येते. ही लक्षणं बाई आपणहून सांगत नाही. ती विचारावीच लागतात.

एमआरआय आल्यावर गाठी सहज दिसू लागल्या, आणि नवा घोळ सुरू झाला. बहुतेक गाठी आयुष्यभर काहीच त्रास देत नाहीत. त्यामुळे रिपोर्टात गाठ आली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं मुळीच नाही. उलट कंबरेच्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा खालचा भाग सुटला तर खरी गाठही राहून जाते. आधी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचे आजार तपासायचे. मग गाठ कोणत्या मुळावर आहे आणि दुखणं त्याच मुळाच्या वाटेवर आहे का, हे जुळवायचं. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होत नाही; सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मोठं रुग्णालय गाठावं लागतं, आणि तेवढ्यासाठी मजुरी बुडते.

उपचाराची सुरुवात मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या गोळ्या आणि फिजिओथेरपीने होते. नुसतं सुईने पाणी काढलं तर गाठ बहुधा पुन्हा भरते, म्हणून काही ठिकाणी सीटी स्कॅनच्या मदतीने पाणी काढून आत फायब्रिन गोंद (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा चिकट द्रव) सोडतात. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांतच करतात, कारण गाठीच्या भिंतीतच मज्जातंतूचे धागे असतात. ते दुखावले तर लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो.