मुलगी दुभाषी होते तेव्हा

आई बोलते गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, समुपदेशक मराठी आणि मध्ये बसलेली सहावीतली मुलगी. ‘बाबा मारतात का?’ हे आईला तिनेच विचारायचं, उत्तरही तिनेच सांगायचं. आई बराच वेळ बोलते. मुलगी सांगते, ‘काही नाही म्हणतेय.’

पुण्याला परभाषक नवे नाहीत. लष्कराच्या छावणीमुळे कॅम्पात तमिळ, तेलुगू रुजली. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासित आले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा-सोलापूरकडची आणि पलीकडच्या कर्नाटकातली माणसं आणली. त्यातले पुष्कळ जण बांधकामावर लागले. नंतर बिहार, बंगाल, ओडिशातले आले. घरात एक बोली, साइटवर मोडकी हिंदी, शाळेत मराठी.

हाच पेच अमेरिकेतल्या मियामीत १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ होसे शापोचनिक यांच्यापुढे होता. क्यूबातून आलेल्या कुटुंबांशी ते स्पॅनिशमध्येच काम करत. पोरं नव्या देशाच्या रीती भराभर उचलतात, आईबाप मागे राहतात आणि ‘पोरगं बिघडलं’ म्हणतात त्या भांडणात या अंतराचा मोठा वाटा असतो, असं त्यांना दिसलं. त्याआधी मूळचे अर्जेंटिनाचे कुटुंबोपचारतज्ज्ञ सल्वादोर मिनुचिन न्यूयॉर्कमध्ये गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या घरांबरोबर काम करत होते. नुसत्या बोलण्यावर त्यांची भिस्त नव्हती. ते खुर्च्या हलवायचे: आईबापांच्या मधलं मूल उठवून दोघांना समोरासमोर बसवायचे. आपल्याकडे दुभाषी म्हणून मूल आणून मध्ये बसवतात!

कुटुंबाला उपचारात घेणं आपल्याला परकं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत ठेवलं. पुण्यातच १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणने व्यसनमुक्तीत घरच्यांना सामील केलं. भाषेचा मुद्दा कायद्यात आला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने: उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची. २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या फोन क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. पण एकट्याने फोनवर बोलणं वेगळं, अख्खं घर समोर बसवणं वेगळं.

मुलीऐवजी तांड्यातलीच कुणी बाई दुभाषी म्हणून बोलवावी, हे सुचणं साहजिक आहे. भाषा तीच, नातीगोतीही तिला कळतात. फक्त ती मुकादमाची बायको निघाली आणि मुलीच्या बापाने त्या मुकादमाकडून उचल घेतलेली असली, तर आई पुन्हा म्हणणार, ‘काही नाही.’