लिंडा की जिर्सिन्या? बतिस्ता बहिणींचा घोळ

ब्राझीलच्या रेडिओयुगातली गाणी शोधायला लागलं की 'बतिस्ता' हे नाव लवकरच समोर येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लिंडा बतिस्ता आणि जिर्सिन्या बतिस्ता. सख्ख्या बहिणी, जन्म दोघींचा साओ पावलोचा, कारकीर्द दोघींची रिओ द जानेरोची. दोघींनी कार्निव्हल गाजवला, आणि 'रेडिओची राणी' हा किताबही दोघींना मिळाला. मीही बराच काळ एकीची गाणी दुसरीच्या नावावर धरून बसलो होतो.

आधी नावांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. लिंडाचं पाळण्यातलं नाव फ्लोरिंडा. त्याचंच छोटं रूप म्हणजे लिंडा. पोर्तुगीजमध्ये 'लिंडा' म्हणजे सुंदर, त्यामुळे ते हौसेनं घेतलेलं नाव वाटतं, पण तसं नाही. धाकटी दिर्से. रिओत 'दि'चा उच्चार 'जि' होतो, आणि शेवटचं 'इन्या' हे लाडाचं शेपूट, आपण 'बाळी', 'छकुली' म्हणतो त्या भावनेतलं. म्हणून जिर्सिन्या. आणि बतिस्ता हे तर घराण्याचं आडनावच नव्हे. आडनाव ओलिवेरा. वडील त्या काळातले प्रसिद्ध शब्दभ्रमकार, बाहुल्यांना बोलकं करणारे; रंगमंचावर ते 'बतिस्ता ज्युनियर' म्हणून ओळखले जात. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लागतं, या मुलींच्या बाबतीत ते शेवटी लागलं एवढंच. त्याच काळात मारीलिया बतिस्ता नावाची आणखी एक सुरेख गायिका होती, संगीतकार नोएल रोझाच्या सांबांसाठी नावाजलेली. ती या घरातली नाही.

आता खरी मेख. मोठी कोण आणि आधी आली कोण, या दोन प्रश्नांची उत्तरं उलटी आहेत. लिंडा 1919 ची, जिर्सिन्या 1922 ची. पण रेकॉर्ड आधी निघाली ती धाकटीची: 1930 मध्ये, कोलंबिया कंपनीकडून, वडिलांनी रचलेली गाणी, वय अवघं आठ. लिंडा तेव्हा बहिणीच्या कार्यक्रमात गिटार धरून साथीला बसायची. 1936 मध्ये काजुती रेडिओवर प्रसिद्ध गायक फ्रान्सिस्को आल्विसच्या कार्यक्रमात जिर्सिन्या येऊ शकली नाही, तेव्हा तिच्या जागी लिंडाला उभं केलं, आणि साथीला बसणारी मोठी बहीण गायिका झाली. म्हणून 1936 च्या 'आलो, आलो, कार्नावाल' या चित्रपटात जी तेरा वर्षांची बतिस्ता गाताना दिसते ती जिर्सिन्या. 1936 च्या आधीचं काहीही हाती लागलं आणि त्यावर बतिस्ता बहिणींपैकी एक असली, तर डोळे मिटून धाकटीचं नाव घ्या.

राणीपदाच्या बाबतीत मात्र क्रम पुन्हा उलटतो. 1937 मध्ये पहिली 'रेडिओची राणी' निवडली गेली ती लिंडा, गायला लागून जेमतेम वर्ष झालेलं असताना. तो किताब तिच्याकडे तब्बल अकरा वर्षं राहिला. 1948 मध्ये तो तिच्याकडून गेला तो थेट जिर्सिन्याकडे, म्हणजे मुकुट घरातच राहिला. पण किताबाचं नाव एक असलं तरी त्याचा अर्थ बदलत होता. पुढे या निवडणुकांमध्ये मतं विकत घ्यायची असत, आणि पैसा रेडिओ कलावंतांसाठीच्या रुग्णालयाला जायचा. 1949 मध्ये मार्लेन ही गायिका पाच लाखांहून जास्त मतं मिळवून राणी झाली, कारण एका शीतपेय कंपनीनं तिच्या मागे पैसा उभा केला. तेव्हा लिंडाची अकरा वर्षं आणि जिर्सिन्याचं एक वर्ष समोरासमोर मांडून मोठी गायिका कोण हे ठरवणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

मग फरक ऐकायचा कुठे? माझ्या मते लुपिसिनियो रॉड्रिग्सच्या दोन गाण्यांत. हा पोर्तो आलेग्रे शहराचा माणूस प्रेमात पोळलेल्यांची गाणी लिहायचा. मद्यालयातल्या टेबलावर कोपरं टेकवून झुरत बसावं, तसली. ब्राझीलमध्ये अशा गाण्यांना 'कोपराचं दुखणं' म्हणतात. 1951 मध्ये लिंडानं त्याचं 'व्हिंगान्सा' म्हणजे 'सूड' गायलं, आणि ते तिचं सर्वांत गाजलेलं गाणं ठरलं. पुढच्याच वर्षी जिर्सिन्यानं त्याचंच 'नुंका' म्हणजे 'कधीच नाही' गायलं. कवी तोच, जखम तीच, पण लिंडा शब्द जणू समोरच्याच्या तोंडावर फेकते. आवाज भरदार, किंचित खरखरीत, आणि सूड मिळाल्याचा आनंद ती लपवत नाही. जिर्सिन्या तीच कडू गोष्ट स्वच्छ, रेखीव सुरात सांगते. लहानपणापासून माईकसमोर वाढलेल्या गळ्याची ती शिस्त आहे. मला जिर्सिन्या जास्त आवडते. पण 'व्हिंगान्सा' तिनं गायलं असतं तर ते इतकं बोचलं नसतं, हेही तितकंच खरं.

कार्निव्हलच्या गाण्यांत मात्र कानाला चकवा बसतो, कारण मागे वाद्यवृंद, कोरस, सगळा गदारोळ असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल: 1938 चं हिरव्या पोपटाचं गाणं जिर्सिन्याचं, 1950 चं 'नेगा मालुका' लिंडाचं.

लिंडा जास्त दिसायची, हाही एक फरक. ती रिओतल्या उर्का कॅसिनोची लाडकी होती. 1942 मध्ये अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स चित्रीकरणासाठी रिओत आला, तेव्हा त्याच्या भोवतीच्या मंडळींत लिंडा होतीच. 1946 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुत्रा यांनी जुगारावर बंदी घातली, कॅसिनो बंद झाले, आणि अनेक गायकांची रोजची रोजीरोटी एका हुकुमासरशी गेली. पुढे दूरचित्रवाणी आली, गाण्यांची चालही बदलली. तरी 1970 च्या कार्निव्हलमध्ये 'ओ प्रिमेरो क्लारिं', म्हणजे 'पहिला बिगुल', लोकांच्या तोंडी होतं, आणि ते जिर्सिन्यानं गायलं होतं. रेकॉर्डवर पहिलं गाणं तिचं, आणि कार्निव्हलमधलं शेवटचं मोठं यशही तिचंच.

त्यानंतरच्या वर्षांत दोघींना वेगळं काढताच येत नाही. कोपाकाबानातल्या घरात त्या दोघी आणि तिसरी बहीण ओदेत, दार लावून, हलाखीत राहिल्या. एकेकाळी ज्यांच्यासाठी थिएटरं भरायची, त्यांच्या घरी कोणी फिरकेना. मला हा भाग वाचताना अजूनही राग येतो. लिंडा 1988 मध्ये गेली. 1998 मध्ये दोघींच्या आयुष्यावरचं नाटक रंगमंचावर आलं, त्याचं नाव 'सोमुस इर्मांस', म्हणजे 'आम्ही बहिणी'. जिर्सिन्या तेव्हा हयात होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये तीही गेली.