उठताना अंधारी येते? नाडीही मोजा

उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी आली की घरात निदान तयार असतं: ‘बीपी लो झालंय, लिंबू-सरबत द्या.’ पण बसवून घेतलेला एकच आकडा इथे कामाचा नाही. हवा असतो तो आडवं असतानाच्या आणि उभं राहिल्यावरच्या बीपीतला फरक.

त्यासाठी पाच मिनिटं पाठीवर निजायचं, बीपी आणि नाडी लिहून घ्यायची. पट्टा दंडाला तसाच ठेवून उभं राहायचं, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. हात हृदयाच्या पातळीत टेकवून ठेवा. लोंबकळता राहिला तर आकडा खोटाच वाढतो आणि घसरण लपते. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर घसरण खरी.

आता कारण. उभं राहताच अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीवरचा ताण सैल पडतो, ती खबर मेंदूच्या देठाला पोचते आणि तिथून हुकूम सुटतात: रक्तवाहिन्या आवळा, हृदय पळवा. जुलाब, रक्तस्राव किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्ताचा साठाच आटला असेल, तर हुकूम निघतो, नाडी धावते, पण माल कमी पडतो. जुना मधुमेह किंवा पार्किन्सनमध्ये हुकूम नेणाऱ्या नसाच निकामी होतात. मग बीपी कोसळतं, नाडी मात्र ढिम्म.

म्हणून भागाकार करायचा: नाडी किती वाढली, भागिले वरचा आकडा किती उतरला. बीपी 130 वरून 104, नाडी 74 वरून 100, उत्तर 1. संशय साठ्यावर किंवा औषधावर (प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसुद्धा). बीपी 138 वरून 108, नाडी 72 वरून 76, उत्तर 0.13. ते 0.5 च्या खाली असेल तर संशय नसांवर. मेटोप्रोलॉलसारखी नाडी रोखणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर हे गणित सोडून द्या.

तरुण, शिडशिडीत मुलांत घसरण पहिल्या 15 सेकंदांत होऊन जाते. यंत्राचा पट्टा फुगेपर्यंत बीपी ताळ्यावर आलेलं असतं, म्हणून रीडिंग नॉर्मल. मग ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात आणि अंधारी तेवढ्यात ओसरतेच, त्यामुळे श्रेय मोहऱ्यांना.

नसांच्या रुग्णांना मीठ मनानं वाढवून देऊ नका. उभ्यानं 90 असणाऱ्याचं निजल्यावर 170 असू शकतं. अशांच्या पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर चढवतात. नुसत्या दोन उशांनी मान तेवढी वाकते.