शाई कागदावर न उतरताही संपते

स्वस्त इंकजेट प्रिंटर पुढे महाग का पडतो, असं विचारलं की बोट कार्ट्रिजच्या किमतीकडे जातं. ते बरोबरच आहे. पण महिन्याकाठी चार-पाच पानं छापणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट घडत असते: विकत घेतलेल्या शाईतली बरीचशी कागदापर्यंत पोचतच नाही.

१९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्या अपघातातून सुचलेलं तत्त्व आजही अनेक घरगुती प्रिंटरमध्ये चालतं. नोझल म्हणजे केसाहून बारीक छिद्र. त्याच्यामागचा इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत तापतो, शाईत बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. हा थेंब दोन पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटर शाईत तसे ५० कोटी थेंब होतात! मला या यंत्राचं फार कौतुक वाटतं.

पण एवढ्या बारीक छिद्रात शाई वाळायलाही वेळ लागत नाही. म्हणून बरेच दिवस पडून राहिलेला प्रिंटर सुरू केला की तो आधी नोझलमधून शाई ओढून ती साफ करतो. ही शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. अनेक प्रिंटर सगळे रंग एकदमच साफ करतात, त्यामुळे फक्त काळा मजकूर छापणाऱ्याचेही निळा, पिवळा, किरमिजी हे रंग आटत जातात.

खोक्यावरचा पानांचा आकडा बहुधा आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार काढलेला असतो. त्या चाचणीत ठरावीक नमुना पानं जवळजवळ सलग छापतात. घरी तसं होत नाही. दोन छपायांमध्ये आठवडे जातात, आणि तो आकडा हाती लागत नाही.

मग शाईच्या टाकीवाला प्रिंटर घ्यावा का? हिशेब कार्ट्रिजच्या संचांत मांडून पाहा. समजा, तो साध्या प्रिंटरपेक्षा चार संचांच्या किमतीएवढा महाग आहे आणि एका संचात १५० पानं निघतात. टाकीतली शाई तुलनेने इतकी स्वस्त असते की ती सध्या सोडून देऊ. म्हणजे जादा पैसे साधारण ६०० पानांत वसूल होतात. रोज पाच पानं छापणाऱ्याला त्याला चार महिने लागतील, महिन्याला पाच छापणाऱ्याला दहा वर्षं! शिवाय टाकी असली तरी नोझल तीच, वाळण्याचा धोकाही तोच.

क्वचित आणि फक्त मजकूर छापणाऱ्याला मी काळा-पांढरा लेझर प्रिंटर सुचवेन. टोनर ही कोरडी पूड असते, ती वाळायचा प्रश्नच नाही. तीन महिन्यांनी छापलेलं पानही स्वच्छ येतं. फोटोंसाठी मात्र इंकजेटच हवा.

घरात इंकजेट आधीच असेल, तर आठवड्यातून एखादं रंगीत पान छापत जा. आणि भिंतीवरचा स्विच थेट बंद करू नका. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की प्रिंटहेड, म्हणजे नोझल असलेला भाग, जागेवर जाऊन रबरी टोपणाखाली बसतं. मधेच वीज तोडली, तर नोझल उघडी राहून सुकू शकतात.