घरात साठलेल्या कापडाची जॅकेटं शिवायला देताय? आधी एवढं वाचा

एकाच मापावर चार वेगवेगळी जॅकेटं होतात काय हो, असं रोज कोण ना कोण विचारतंय. होतात की. आमच्याकडं तेच तर चालतं. एकदा तुमचं माप घेऊन ब्राऊन पेपरवर फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना, काढला की खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), छाती फिक्स झाली, मग त्याच फर्म्यावर बंद गळ्याची कोटी, म्हणजे बिनबाह्यांचं जॅकेट, होते, बाह्यांचं पुढनं उघडं जॅकेट होतं, गुडघ्यापर्यंत लांबही होतं. गळा, लांबी, बाही, खिसा एवढंच बदलायचं. आणि कापड बदललं की बघणाऱ्याला कळतही नाही की फर्मा एकच आहे. खणाची कोटी आणि जुन्या पॅन्ट पीसचं जॅकेट शेजारी टांगून बघा, बहिणीही वाटत नाहीत.

आणि कापड तर आपल्याकडं सगळ्यांच्याच घरात पडलेलं असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे ब्लाऊज पीस, लग्नात आहेर आलेले शर्ट-पॅन्टचे पीस, आईची इरकल जिचे काठ फाटलेत पण अंग अजून धडधाकट आहे, आपल्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागावरनं आणलेलं आणि मग कपाटातच राहिलेलं काहीतरी. ते घेऊन या, आम्ही नाही म्हणत नाही. फक्त एक गोष्ट करून आणा, कारण त्या एका गोष्टीपायी आमचा सगळ्यात जास्त वेळ जातोय आणि शेवटी बोलणी पण आम्हीच खातोय.

कापड भिजवून आणा.

धुतलेलं म्हणजे कपाटात ठेवताना कधीतरी धुतलेलं ते नव्हे. शिवायला द्यायच्या आधी भिजवलेलं, वाळवलेलं, इस्त्री केलेलं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण "थोडं आटलं तर काय होतंय" असं म्हणून तसंच आणतात. आता थोडं म्हणजे किती ते बघा. मागावरचं सुती कापड 5 टक्के सहज आटतं. जॅकेटची लांबी 24 इंच असेल तर सव्वा इंच गेली, ते एक वेळ चालेल. पण छातीला तयार घेर 44 इंच ठेवला असेल तर तिथनं सव्वादोन इंच जातात, आणि आत कुर्ता घालायचा म्हणून आम्ही जी 4 इंच लूज ठेवलेली असते ती निम्म्यावर येते. मग बटन लागत नाही आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, माप चुकलं तुमचं. माप नाही चुकलेलं हो, कापड आटलंय.

याच्यापेक्षा वाईट काय तर दोन कापडं एकात असली की. जॅकेटला वरचं कापड सुती आणि आतलं अस्तर पॉलिस्टर. पॉलिस्टर तसं आटत नाही. एक धुणं झालं की वरचं वर गेलं आणि अस्तर खालनं जिभेसारखं बाहेर लोंबायला लागलं, शिलाईवर चुण्या पडल्या त्या इस्त्रीनं पण जात नाहीत. साठलेल्या कापडात तर ही भानगड जास्तच, कारण एका पीसमध्ये जॅकेट बसत नाही म्हणून पुढचा भाग एकाचा, पाठ दुसऱ्याची, पट्टी तिसऱ्याची असं करावं लागतं, आणि प्रत्येकाची आटायची तऱ्हा वेगळी. इरकलचंच घ्या. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर दोन्ही सारखे वागत नाहीत, शिवाय पदर अंगाला धाग्याचे लूप अडकवून जोडलेला असतो, त्या जोडावर ओढ बसू द्यायची नसते. म्हणून आम्ही तो जोड मुंढ्यात किंवा खांद्यावर कधीच आणत नाही, खाली पाठीवर घेतो नाहीतर काढूनच टाकतो. "पदर खांद्यावर दिसला पाहिजे" असा हट्ट असेल तर आतनं आधाराचं कापड लावून देतो, पण आधी सांगा.

घरी तपासून बघायचं असेल तर सोपं आहे. कापडाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 20 सेंटीमीटरचा चौकोन काढा, भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि परत मोजा. 19 भरला तर 5 टक्के गेलं. उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी मोजा, बहुतेक वेळा उभं जास्त आटलेलं सापडेल.

भिजवताना कापलेल्या कडेला मशीनची एक टीप मारून घ्या नाहीतर धागे सुटून अर्धा वीत कापड तिथंच संपतं. सुती असेल तर गरम पाण्यात रात्रभर ठेवा, पिळू नका, सावलीत वाळत घाला, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. मागाच्या कापडाची खळ निघून जाते आणि ते एकदम मऊ पडतं, तेव्हा घाबरू नका, उलट आम्हाला तेच हवं असतं कारण खरी लोळण, म्हणजे कापड अंगावर कसं पडतं ते, तेव्हाच कळते. लाल, जांभळा, गडद हिरवा असे रंग असतील तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा, रुमालाला रंग लागला तर ते वेगळं भिजवा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं सगळ्याच मावश्या सांगतात, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. जरीचं आणि रेशमी काहीच भिजवू नका, ते तसंच आणा, आम्ही वाफेवर घेतो आणि पुढंही ते जॅकेट ड्रायक्लीनलाच द्यायचं.

तुम्ही भिजवलं नाही तर आम्ही भिजवतो, त्याचा वेगळा चार्ज आहे आणि वेळ पण वेगळा. पावसाळ्यात आपल्या बेळगावात कापड वाळायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आतपर्यंत वाळल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही, मग "अजून कटिंग पण नाही?" असा फोन आला तरी उत्तर तेच असणार.

आता कापड किती लागतं. इथं मीटरपेक्षा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, महत्त्वाचा, फोनवर विचारताना तोच कोण सांगत नाही. 58 इंची पन्ह्याच्या सूटिंगमध्ये पाठ आणि पुढचे दोन्ही भाग एका ओळीत बसतात, म्हणून मध्यम मापाची बिनबाह्यांची कोटी एक मीटरच्या आत होऊन जाते. तीच 44 इंचीत एका ओळीत बसत नाही, सव्वा ते दीड मीटर लागतं आणि बाह्या पाहिजेत तर दोन मीटर धरून चला. खणाचा पन्हा आखूड, त्यात जोड येणारच, पण जोड काठाला काठ लावून घेतला की तो डिझाईनच वाटतो. एका ब्लाऊज पीसचं जॅकेट होत नाही हे मात्र किती वेळा सांगितलं तरी लोक आणतातच. त्याची कॉलर, खिशाची पट्टी, पायपिंग झकास होते, तीन-चार पीस असतील तर पॅनेल लावून पूर्ण कोटी पण होते.

फर्मा तोच आहे मग दुसऱ्या जॅकेटची शिलाई निम्मी का नाही, हे पण बरेचजण विचारतात. फर्मा काढायचा वेळ वाचतो आणि ट्रायल लागत नाही, तेवढं आम्ही कमी करतो. पण ताग्यातनं कापणं वेगळं आणि तुकड्यातनं कापणं वेगळं. तुकड्यात उभा धागा सांभाळायचा, डाग आणि चिरलेली जागा चुकवायची, काठ दोन्ही बाजूंना समोरासमोर आणायचे, मखमल असेल तर लव सगळीकडं एकाच दिशेला ठेवायची नाहीतर एक बाजू काळपट आणि एक उजळ दिसते. त्यात जाड कापड असेल तर त्याच फर्म्याला अर्धा-पाऊण इंच सोडावं लागतं, नाहीतर मुंढ्यात करकचतं. हे सगळं कात्री लावायच्या आधी टेबलावर मांडून बघावं लागतं आणि त्यालाच वेळ लागतो.

उरलेलं कापड सगळं परत देतो, चिंध्यांसकट, तुमच्याच पिशवीत. शिंप्यानं कापड खाल्लं ही शंका आमच्याकडं नको. कागदी फर्मा मात्र दुकानातच राहतो, तुमच्या नावानं खुंटीला टांगलेला, पुढच्या वेळी नुसतं कापड पाठवलं तरी चालतं. अंगानं फरक पडला असेल तर तेवढं सांगा, लाजू नका.

अस्तर आमच्याकडं आधीच भिजवलेलं सुती मिळतं, बाहेरचं आणलं तरी चालेल पण ते पण भिजवूनच. बटनांचा डबा मोठा आहे, जुन्या कोटाची बटनं आणून दिलीत तर ती लावतो. घोंगडीचं जॅकेट पण करतो, बिनअस्तराचं, कडेला पट्टी मारून, फक्त घोंगडी मशीनमध्ये धुऊन आणू नका, आकसून नमद्यासारखी होते आणि मग त्यात लहान मुलाचंच काहीतरी निघेल.

गणपती ते दिवाळी आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसते. लग्न नसतात त्या आषाढात या, निवांत बसून मांडणी करता येते. कापड मात्र त्याआधी उन्हाळ्यातच, कडक उन्हाचे दिवस आहेत तोवर भिजवून ठेवा, आणि पिशवीवर पन्हा आणि मीटर लिहिलेली चिठ्ठी टाचून आणा.