वायफायचा रिचार्ज होत नसतो

दर दोन-चार दिवसांनी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "ताई, वायफाय स्लो झालं बाप्पा. टीव्हीवर नुसती चकरी फिरून राहिली. रिचार्ज तर परवाच मारला." मी आता चिडायचं सोडून दिलंय, पण मनातल्या मनात तेच वाक्य म्हणते: वायफायचा रिचार्ज होत नसतो. रिचार्ज होतो इंटरनेटचा. वायफाय तुमच्या घरचं आहे, फुकट आहे, आणि टीव्ही अडकतो तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार तेच असतं. शिव्या मात्र कंपनीला पडतात.

इंटरनेट तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. खांबावरून फायबरची बारीक काळी तार घरात येते, डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, शिरते, महिन्याचे पैसे जातात, प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा. यातला 'बी' बिटचा, बाइटचा नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून डाउनलोड करताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर आकडा जात नाही. यात फसवणूक काही नाही. पुढे चला.

वायफाय त्या डब्यापाशी सुरू होतं आणि टीव्हीपाशी संपतं. वीस-तीस फुटांची रेडिओलहरींची वाट, बस. रस्ता खोदताना कोणी बाहेरची तार तोडली तरी ही वाट शाबूत राहते. टीव्ही 'कनेक्टेड' म्हणत राहतो, फोनवरून घरातल्या प्रिंटरवर कागदही छापता येतो. फक्त बाहेरून काही येत नाही. उलट बाहेरची तार ठणठणीत असूनही ही वाट खड्ड्यांची असू शकते, आणि घरोघरी तीच असते.

आमच्या नागपुरात विमानतळाकडून शहरात येताना वर्धा रोडचा डबलडेकर पूल लागतो, ३.१४ किलोमीटरचा. गाडी कशी सरसर येते! पण जायचंय महालातल्या एका गल्लीत, जिथे समोरून ई-रिक्षा आला की दोघांपैकी एकाला मागे घ्यावं लागतं. पुलाला अजून दोन पदर जोडले तर त्या गल्लीतल्या घरी लवकर पोचाल का? १०० चा प्लॅन ३०० चा करून टीव्हीची चकरी थांबेल अशी आशा धरणं म्हणजे नेमकं हेच. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या काकांनी ते दोनदा केलं. त्यांच्याकडे येतेच मी.

आधी हे सांगते की शहाणी माणसंही इथे का चुकतात. कारण दोन ठिकाणी डोळ्यांना धडधडीत चुकीचा पुरावा दिसतो.

पहिला पुरावा टीव्हीच्या कोपऱ्यातल्या त्या पंख्यासारख्या रेघा. "रेंज फुल आहे न, मग?" त्या रेघा एवढंच सांगतात की डब्याचा आवाज टीव्हीला किती मोठ्याने ऐकू येतो. डब्याकडे सांगण्यासारखं काही आहे का, आणि त्याच वेळी शेजारचे दहा डबे ओरडताहेत का, हे त्या सांगत नाहीत. सीताबर्डीच्या बाजारात दुकानदार कानाशी येऊन ओरडला तरी गर्दीत भाव समजत नाही, तसं.

दुसरा पुरावा जास्त घातक, कारण त्यात आकडा असतो. माणूस फोन हातात घेतो, डब्याशेजारी उभा राहतो, स्पीड टेस्ट करतो आणि विजयी मुद्रेने ९५ दाखवतो. "नेट तर बरोबर आहे, टीव्हीच खराब आहे." किंवा टीव्हीजवळ उभं राहून १२ दाखवतो आणि कंपनीला फोन लावतो. दोन्ही निकाल चुकीचे. स्पीड टेस्ट अख्ख्या रस्त्यात जो भाग सर्वांत अरुंद, त्याचा आकडा देते. तो भाग तारेचा की हवेचा, हे तिला कळत नाही. शिवाय फोन म्हणजे टीव्ही नव्हे. फोन दोन वर्षांपूर्वीचा, हातात मोकळा. टीव्ही सात वर्षांपूर्वीचा, त्याचा अँटेना मागच्या प्लास्टिकच्या पोटात, तोंड भिंतीकडे. फोन ५ गिगाहर्ट्झवर बोलतो, टीव्ही २.४ वर. दोघं एकाच जागी असले तरी वेगवेगळ्या रस्त्यांनी चाललेत.

हा २.४ आणि ५ या दोन रेडिओपट्ट्यांचा मामला थोडक्यात असा. २.४ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बारा फ्लॅटच्या एका स्कीममध्ये बारा डबे त्या तिघांत कोंबलेले असतात. ब्लूटूथही तिथेच आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात, २.४५ च्या आसपास. ५ मध्ये जागा भरपूर, वेगही जास्त, पण स्लॅब किंवा जाड भिंत आली की तो दमतो. टीव्ही डब्याच्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर डोळे मिटून ५. आणि हो, राउटरच्या नावापुढे '५जी' लिहिलंय त्याचा मोबाइलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. इथे जी म्हणजे गिगाहर्ट्झ, तिथे जनरेशन. "आमच्या भागात ५जी आलं नाही तरी राउटर ५जी कसा?" हा प्रश्न मला एका प्राध्यापकांनी विचारलाय.

आता काका. हिवाळ्यात त्यांचा टीव्ही झकास चालायचा. एप्रिल लागला आणि मालिका अडकायला लागली. काकांनी १०० चे २०० केले. मे महिन्यात २०० चे ३००. मग मला फोन: "अवं, तीनशेचा प्लॅन घेतला न मी! आता काऊन अडकून राहिलं?" मी गेले. डबा समोरच्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये, मधे दाराची मोकळी चौकट. त्या चौकटीतच कूलर उभा. पत्र्याचा, छातीएवढा, काठोकाठ पाणी भरलेला, नवं गवत लावलेला. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं, आणि काकांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणून बरोबर वाटेत मांडल्या होत्या. दिवाळीत कूलर माळ्यावर जातो तेव्हा 'नेट' आपोआप सुधारतं, आणि त्याचं श्रेय काका कंपनीला देतात.

मी कूलरला हात लावायच्या आधी जे केलं, तेच तुम्ही करा. इतर दहा उपाय त्यानंतर. एक लॅन केबल घ्या, डब्यातून थेट टीव्हीच्या मागे लावा. जमिनीवर लोळत जाऊ द्या, पाच मिनिटांचाच प्रश्न आहे. टीव्हीचं वायफाय बंद करा आणि तोच व्हिडिओ लावा. चकरी थांबली? तर दोषी वायफाय, आणि कंपनीला फोन करायचा नाही. थांबली नाही? तर तार, किंवा त्या ॲपचा सर्व्हर, किंवा टीव्ही स्वतः. दुसरं ॲप लावून पाहिलं की सर्व्हरचा संशय फिटतो. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, तिथे मात्र खुशाल तक्रार नोंदवा.

काकांकडे केबल लावल्याबरोबर चित्र काचेसारखं झालं. मग त्यांनी टीव्हीवरच वेग मोजला आणि पुन्हा चिडले, कारण आकडा ९४ आला. "तीनशेचे पैसे भरतो न मी!" टीव्हीच्या लॅनच्या खाचेची धावच १०० ची असते, बहुतेक टीव्हींची, महागड्यांचीही. त्याने काही बिघडत नाही. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, यूट्यूब फोर-केला २० मागतं. म्हणजे ४० च्या प्लॅनमध्ये एक टीव्ही राजासारखा चालतो. ३०० लागतात ते घरात पाच माणसं पाच पडदे लावून बसली तर. चित्र मोठ्या आकड्याने सुधारत नाही, न तुटणाऱ्या आकड्याने सुधारतं. सलग २५ देणारी केबल कधी ८० तर कधी ३ देणाऱ्या वायफायपेक्षा मला केव्हाही प्यारी.

हे तुटणं कसं दिसतं तेही पाहून ठेवा. ॲप अख्खा व्हिडिओ एकदम आणत नाही, काही सेकंदांचे तुकडे आणतं आणि येणारा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतं. म्हणून सुरुवातीचं थोडा वेळ धूसर आणि मग स्वच्छ, हा आजार नाही. थोड्या थोड्या वेळाने धूसर-स्वच्छ-धूसर होत राहिलं तर वाट डळमळीत आहे. सिनेमा चालतो आणि क्रिकेटची मॅचच अडकते, याचं कारण थेट प्रक्षेपणात पुढचं साठवून ठेवायला फारसं काही नसतंच. जे अजून घडलं नाही ते कुठून साठवणार? यूट्यूबमध्ये सेटिंगच्या चाकात 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' नावाची एक पाटी उघडते. तिच्यात पुढचे किती सेकंद साठलेत ते दिसतं. तो आकडा शून्याकडे घसरायला लागला की चकरी आलीच म्हणून समजा.

रात्री नऊचा प्रश्न जरा अवघड आहे, आणि इथे मी कंपन्यांची बाजू घेणार नाही. रोज रात्री नऊ ते अकरा अडकतं, दिवसा नाही. एका फायबरवर पुढे ३२ किंवा ६४ घरं वाटलेली असतात, खाली येणारी सगळ्यांची मिळून धाव साधारण अडीच गिगाबिटची. त्याच्याही मागे कंपनीने जागा कमी घेतली असेल तर रात्री कोंडी होणारच. पण त्याच वेळी स्कीममधले सगळे डबेही जागे असतात आणि २.४ मध्ये धक्काबुक्की चालते. लक्षण तेच, कारणं दोन. नऊ वाजता केबल लावून पाहणं हाच निवाडा. केबलवरही अडकलं तर त्या आकड्याचा फोटो काढून कंपनीच्या तोंडावर मारा. वायफायवरचा फोटो त्यांचा माणूस दोन मिनिटांत उडवून लावतो, आणि खरं सांगायचं तर बरोबरच करतो.

डब्याची जागा हे माझं दुखणं आहे. लोक डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेमागे ठेवतात, त्यावर क्रोशाचा रुमाल घालतात, किंवा 'दिसायला बरं नाही' म्हणून माळ्यावर टाकतात. बहुतेक घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर काय होत असेल ते माठातल्या पाण्याला विचारा. दुपारी अडकणारं आणि पहाटे चालणारं नेट असेल तर आधी डब्याला हात लावून पाहा.

डीएनएस बदला, ८.८.८.८ टाका, असा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहा. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो, सामान वाहत नाही. स्वस्त रिपीटरही मला नको. जिथे सिग्नल पोचत नाही नेमका तिथेच लोक तो लावतात, मग तो नसलेलाच सिग्नल पुढे पाठवतो. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा असेल तर वेगही जवळपास अर्ध्यावर येतो. लावायचाच तर मध्यावर लावा.

आणि जिथे नेटही निर्दोष, वायफायही निर्दोष, ती प्रकरणं लवकर ओळखू येतात. रिमोटचं बटण दाबल्यावर तीन सेकंदांनी चौकट हलते, ॲप स्वतःच बंद पडून मुख्य पडद्यावर येतं: टीव्हीची स्मृती भरली. नको ती ॲप काढा आणि प्लग भिंतीतून काढून मिनिटभराने लावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो, डुलकी घेत असतो. चकरी अजिबात नाही पण चित्र कायमच धूसर असेल तर सबस्क्रिप्शनचा प्लॅन पाहा, कमी दर्जाचाच घेतलेला असेल.

काकांकडे शेवटी काय झालं? कूलर हलवायला काकूंनी साफ नकार दिला, दुसरीकडे ठेवला तर हवा लागत नाही म्हणे. डबा उचलून हॉलमध्ये आणायचा तर फायबरची तार पुरत नव्हती. मग इलेक्ट्रिशियन बोलावून भिंतीला एक भोक पाडलं, कॅट ६ ची लॅन केबल पट्टीतून टीव्हीपर्यंत ओढली. प्लॅन परत १०० वर आणला. आता तक्रार एकच आहे, भोकाभोवतीचा रंग भिंतीच्या रंगाशी जुळत नाही, आणि त्यासाठीही काकूंचा फोन मलाच येतो.